यंत्राचे हात आणि तान्ह्याचे पोट

‘यंत्रमानव शस्त्रक्रिया करतो’ असे ऐकले की वाटते, डॉक्टर बाजूला आणि यंत्र कामाला! वास्तविक तसे नाही. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेले ‘दा विंची’ यंत्र सर्जनच चालवतो. त्याच्या बोटांची हालचाल लहान करून, हाताचा कंप गाळून, यंत्र ती रुग्णाच्या शरीरातील उपकरणांपर्यंत पोहोचवते. मुलांच्या मूत्रपिंडापाशी असलेला अडथळा काढताना लागणारे बारीक टाके त्यामुळे सुकर होतात. पण ती शस्त्रक्रिया बहुधा दिवस ठरवून होते.

तातडीच्या प्रसंगी गणित बदलते. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा तुटला की काही तासांत आतडे मरते. बॉस्टनच्या विल्यम लॅड यांनी १९३६ साली वर्णिलेली शस्त्रक्रियाच यावर आजही करतात. पोट उघडून प्रथम पीळ सोडवतात. अशा वेळी यंत्र मांडण्यात जाणारी मिनिटेही महाग. शिवाय ‘दा विंची’ची नेहमीची उपकरणे ८ मिलिमीटर जाडीची, तान्ह्याच्या पोटात ती फिरवायला जागा कोठली?

यंत्राची थोरवी मला मान्यच आहे. परंतु घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिकलेले घरी सांगणे हे माझे काम. म्हणून गावाकडच्या आयाबायांना सांगेन : हिरवी उलटी दिसली तर बाळगुटी उगाळत बसू नका. लहान मुलांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात बाळाला ताबडतोब न्या.