परदेशीं चालणारा दाखला

दर वर्षीं परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आमच्या शाळेच्या कचेरींत जुन्या विद्यार्थ्यांची ये-जा सुरू होते. कोणी नर्सिंगचें शिक्षण संपवून परदेशीं नोकरीस निघालेली असते, कोणी पुढील अभ्यासाकरितां विलायतेस जाणार असतो. कोणास शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो, तर कोणास गुणपत्रिकेची दुसरी प्रत. त्यांपैकीं बहुतेकांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : "सर, ह्या कागदांवर परदेशासाठीं शिक्के घ्यावयाचे, ते कोठून व कसे ?" हाच प्रश्न आतां पुष्कळ घरांतून विचारला जात असल्यामुळें त्याचा येथें थोडक्यांत उलगडा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हे शिक्के लागतातच कां, हें पाहूं. परगांवचें स्थळ सांगून आलें म्हणजे आपण काय करतों ? त्या गांवांतील कोणी आपल्या ओळखीचा नसला, तर ओळखीच्याच्या ओळखीचा शोधून काढतों. तो त्याच्या शेजाऱ्यास ओळखतो, शेजारी त्या घरास ओळखतो, आणि अशा रीतीनें एकाच्या शब्दावर दुसरा विश्वास ठेवीत विश्वास आपल्यापर्यंत येऊन पोंचतो. कागदपत्रांचेंही तसेंच आहे. आमच्या मुख्याध्यापकांची सही तालुक्यांत ओळखतील, पण हजारों कोस दूर असलेल्या देशांतील अधिकाऱ्यास ती कशी ओळखूं यावी ? म्हणून एका सहीची ग्वाही तिच्या वरचा अधिकारी देतो, त्याची ग्वाही त्याच्याही वरचा देतो, आणि शेवटची सही अशी असते कीं ती परक्या देशास ओळखतां येते.

आपल्याकडे ही सांखळी सामान्यतः पुढीलप्रमाणें असते. ज्या मंडळानें किंवा विद्यापीठानें प्रमाणपत्र दिलें, तें प्रथम आपली नोंद पाहून कागद खरा असल्याचें सांगतें. नंतर राज्य शासनानें नेमलेला अधिकारी त्यावर आपला शिक्का देतो. ज्या राज्यांत प्रमाणपत्र दिलें गेलें त्याच राज्याचा हा शिक्का लागतो. म्हणजे गोवा विद्यापीठाच्या पदवीस गोव्याचा व मुंबई विद्यापीठाच्या पदवीस महाराष्ट्राचा, मग पदवीधर सध्यां कोठेंही राहात असो. तिसरी पायरी भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाची. पूर्वीं येथेंही काम संपत नसे. ज्या देशीं जावयाचें त्याच्या वकिलातीची मोहोर घ्यावी लागे, आणि कित्येकदां त्या देशांत उतरल्यावर तेथील परराष्ट्र खात्याचीही.

हा व्याप कमी करावा ह्या हेतूनें नेदरलँड्समधील हेग शहरीं ५ ऑक्टोबर १९६१ रोजीं एक आंतरराष्ट्रीय करार झाला, व तो २४ जानेवारी १९६५ पासून अंमलांत आला. करारांतील देशांनीं असें ठरविलें कीं, आपसांत वकिलातीची मोहोर मागूं नये. कागद ज्या देशाचा, त्या देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानें ठराविक नमुन्याचा एकच दाखला जोडला म्हणजे पुरे. ह्या दाखल्यास 'अपॉस्टिल' असें फ्रेंच नांव आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें कीं, शुभवर्तमानांतील 'अपॉस्टल' म्हणजे प्रेषित, त्याचाच हा कांहीं संबंध असावा. पण तसें नाहीं. फ्रेंच भाषेंत अपॉस्टिल म्हणजे समासांत लिहिलेली टीप. मूळ कागदास जोडलेली ही एक टीपच होय.

अपॉस्टिलचा नमुना करारानें ठरवून दिला आहे. तो चौरस असून त्याची बाजू निदान ९ सेंटिमीटर असावी, मथळा फ्रेंच भाषेंत असावा, आणि त्यांत १० क्रमांकित नोंदी असाव्या. कागद कोणत्या देशाचा, सही कोणाची, ती त्यानें कोणत्या अधिकारानें केली, शिक्का कोणाचा, ही टीप कोठें, केव्हां, कोणीं व कोणत्या क्रमांकानें दिली, आणि शेवटीं देणाऱ्याचा शिक्का व सही. दिलेल्या प्रत्येक अपॉस्टिलची नोंद ठेवणें त्या कचेरीवर बंधनकारक आहे, व कोणासही त्या नोंदीशीं क्रमांक ताडून पाहतां येतो.

भारतांत हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. येथें अपॉस्टिल देण्याचें काम परराष्ट्र मंत्रालय करतें. मात्र २०१२ पासून मंत्रालय लोकांकडून कागद प्रत्यक्ष घेत नाहीं. त्यानें नेमलेल्या संस्थांमार्फत ते द्यावे लागतात. २०१७ मध्यें 'ई-सनद' नांवाची संगणकीय व्यवस्थाही सुरू झाली. ज्या संस्था तींत सामील आहेत, त्यांचे दाखले घरबसल्या अर्ज करून पडताळून घेतां येतात.

करारांत आज शंभरांहून पुष्कळ अधिक देश आहेत, व भर पडतच आहे. सौदी अरेबियांत तो डिसेंबर २०२२ पासून, चीनमध्यें नोव्हेंबर २०२३ पासून, तर कॅनडांत जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जे देश करारांत नाहींत, त्यांच्यासाठीं मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर वकिलातीची जुनी वाट धरावी लागते. संयुक्त अरब अमिरातीस जाणाऱ्या आपल्या लोकांस ह्याच वाटेनें जावें लागत आलें आहे. शिवाय एखाद्या नव्या सभासदास जुना सभासद हरकत घेऊं शकतो, आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाहीं. म्हणून शेजाऱ्याच्या मुलानें काय केलें ह्यावर विसंबूं नये. जेथें जावयाचें तेथील संस्थेसच विचारावें.

आतां ह्या सर्व व्यवस्थेचें मर्म सांगतों. अपॉस्टिल सही खरी आहे एवढेंच सांगतें. कागदांत लिहिलेलें बरोबर आहे असें सांगत नाहीं. पदवी त्या देशीं मान्य होईल कीं नाहीं, हेंही तें सांगत नाहीं. तो निर्णय निराळा. वरचा प्रत्येक अधिकारी फक्त खालच्या पायरीकडे पाहतो. अगदीं तळच्या पायरीवर, म्हणजे शाळेच्या रजिस्टरांत, काय लिहिलें आहे हें कोणीही पाहात नाहीं. तेथें चूक झाली असेल, तर तिच्यावर कितीही मोहोरा उमटल्या तरी ती चूकच राहते.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या एका गुणी विद्यार्थिनीस नर्सिंगचें शिक्षण झाल्यावर परदेशांतील एका रुग्णालयांत जागा मिळाली. वडील गिरणींतले कामगार. घरांत तिच्या मागें तीन भावंडें. सर्व शिक्के रीतीप्रमाणें मिळाले, कागद परदेशीं गेले, आणि परत आले. कारण काय, तर आडनांवाचें पहिलें अक्षर. मराठींत 'व' एकच. इंग्रजींत त्यास दोन अक्षरें. पासपोर्टांत 'डब्ल्यू' होतें, दहावीच्या प्रमाणपत्रांत 'व्ही', आणि त्याच आधारानें पुढील सर्व कागदांतही 'व्ही'. त्या कचेरीच्या मतें हे कागद दोन निरनिराळ्या व्यक्तींचे होते.

दहावीच्या परीक्षेचा तो अर्ज वर्गशिक्षकानें भरला होता, व तो वर्गशिक्षक आम्हीच होतों. एका संध्याकाळीं साठ अर्ज भरावयाचे होते. ह्या मुलीस समोर बोलावून "बाई, तुझें नांव इंग्रजींत कसें लिहितेस ?" एवढें विचारण्यास अर्धें मिनिट लागलें असतें, तें आम्हीं विचारलें नाहीं. पुढें शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज, नवें प्रमाणपत्र, मग नर्सिंगच्या कागदांची दुरुस्ती, आणि सर्व शिक्के पुनः पहिल्यापासून, कारण शिक्का त्या विशिष्ट कागदावरच असतो. ह्यांत सात महिने गेले व ती जागा दुसऱ्या कोणास मिळाली. पुढील वर्षीं तिला अन्यत्र काम लागलें हें देवाचे उपकार. ती भेटावयास आली, पेढे घेऊन आली, आणि त्या अक्षराबद्दल एक शब्दही बोलली नाहीं. तिच्या वडिलांच्या डोळ्यांस डोळा देणें मात्र आम्हांस त्या दिवशीं जड गेलें.

म्हणून विद्यार्थ्यांस व पालकांस आमची विनंती आहे कीं, जन्मदाखला, शाळेचें रजिस्टर, आधारपत्र व पासपोर्ट ह्यांत नांव, आडनांव व जन्मतारीख अक्षरशः एक आहेत कीं नाहींत, हें मूल शाळेंत असतांनाच पाहावें. त्या वेळीं दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत सोपी असते. शाळा सोडल्यावर तीच अवघड होते. परीक्षेचा अर्ज सहीसाठीं घरीं आला म्हणजे तो वाचावा, मग सही करावी. मूळ प्रमाणपत्रांवर प्लास्टिकचें वेष्टन चढवूं नये. त्यावर शिक्का मारतां येत नाहीं. प्रत्येक कागदाची प्रत घरीं राखावी. मूळ कागद दलालाच्या हातीं पावतीवांचून देऊं नयेत. मंत्रालयाची अपॉस्टिलची फी प्रत्येक कागदास ५० रुपये असून नेमलेल्या संस्थेचा आकार निराळा असतो, हें माहीत असलें म्हणजे कोणी भलतीच रक्कम सांगितली तर तें ओळखतां येईल. आणि अपॉस्टिल हातीं आलें कीं त्याचा क्रमांक नोंदीशीं ताडून पाहावा; बनावट शिक्के देणारेही जगांत आहेत.

आमच्या शाळेंत आतां दहावीचे अर्ज भरतांना प्रत्येक मुलास समोर बसवून त्याचें नांव त्याच्याच हातानें इंग्रजींत लिहवून घेतों. एवढ्या कामास दोन दिवस जास्त लागतात. मुलें हंसतात, कंटाळतात, "सर, आम्हांला आमचें नांव येत नाहीं काय?" असेंही विचारतात. त्या प्रश्नाचें उत्तर ह्या लेखांत आहे. तें त्यांनीं घरीं आईबापांस वाचून दाखवावें.