मरणाऱ्याजवळची नोकरी

जिंतूर तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांतून मुली नर्सिंग शिकून शहरात जातात, वृद्धाश्रमांत अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करतात. त्यातली एखादी हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात जायचे म्हणते, तेव्हा घरचे विचारतात, "मरणाऱ्यांजवळ कशाला?" आम्ही म्हणतो, जरूर जा, पण हक्क समजून जा.

दोन्ही कामे सारखी दिसतात, पण सारखी नाहीत. दीर्घ शुश्रूषेत रुग्णाची उरलेली ताकद टिकवायची असते. हॉस्पिसमध्ये वेदना कमी करणे हाच उपचार. शेवटच्या दिवसांत बळेच भरवायचे नसते. मॉर्फिनची नेहमीची मात्रा कळ उठण्याची वाट न पाहता, साधारण दर चार तासांनी द्यायची. सोबत बद्धकोष्ठाचे औषध. हे शिकावेच लागते. पण कूस बदलताना चेहऱ्यावरची कळ ओळखणारी नजर जुन्या नोकरीनेच दिलेली असते. तो अनुभव पगारात मोजला गेला पाहिजे.

मलमूत्र काढणारे हात स्वस्त, ही समजूत वर्णव्यवस्थेची आहे. 'सेवा' म्हणत पगार कापणाऱ्यांना लेखी नेमणूकपत्र मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना किमान २०,००० रुपये मासिक वेतनाची शिफारस केली. शिफारस आपोआप पदरात पडत नाही. त्यासाठी संघटना लागते.

हॉस्पिस चळवळ उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिकाच होत्या. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केले. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उघडले. जिंतूरच्या शेतमजुराला वांद्रे रात्रभराच्या प्रवासावर. कर्करोग हाताबाहेर गेला की त्याला "आता घरी न्या" एवढेच ऐकावे लागते, आणि घरी तो तळमळत राहतो.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे कुंपण घातले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ते सैल केले. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क कलम २१ मध्ये मानला. मग हा सन्मान मोठ्या शहरापुरताच का?

म्हणून आमची मागणी साधी आहे. जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, परिचारिका आणि मॉर्फिन हवे. शहरात हे काम शिकलेल्या आपल्या मुलींना तिथे पूर्ण पगाराची जागा द्या. गरिबाचे मरण तरी वेदनेवाचून होऊ द्या.