खेळाचं अर्थकारण (लेखांक ६) : घाम विद्यार्थ्याचा, धनादेश कुणाचा?

अमेरिकेतल्या कॉलेज-क्रीडेचा कारभार ‘एनसीएए’ ही संघटना पाहते. तिच्या नियमपुस्तकात एके काळी एक गमतीदार तरतूद होती. कॉलेजने खेळाडूला मधल्या वेळी फळं, सुकामेवा किंवा बेगल, म्हणजे मधोमध भोक असलेला पाव, द्यायला हरकत नव्हती. पण त्या पावाला क्रीम चीज फासलं की नियमभंग! कोरडा पाव हा अल्पोपाहार आणि चीज लावलेला म्हणजे जादा लाभ. 2014 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावणाऱ्या कनेटिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातला शबाझ नेपिअर पत्रकारांना सांगून बसला, की काही रात्री उपाशीपोटी झोपावं लागतं. मग मात्र चक्रं फिरली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेवणावरची मर्यादा उठली.

हा काटेकोरपणा गरिबीतून आला म्हणावं, तर तसंही नाही. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपण कराराला 2032 पर्यंत मुदतवाढ मिळाली तेव्हा आठ वर्षांचा आकडा होता 880 कोटी डॉलर. अलाबामा विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक निक सेबन यांची शेवटच्या हंगामातली कमाई वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर गेली होती. म्हणजे प्रशिक्षकाला बाजारभाव आणि खेळाडूला शिष्यवृत्ती.

या व्यवस्थेचं मूळ एका मृत्यूत सापडतं. 1955 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन फुटबॉल सामन्यात डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. हा गडी कामावर असताना गेला की खेळताना, एवढाच प्रश्न होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये निकाल दिला, की कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, भरपाई नाही. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हे बिरुद त्याच काळात रूढ करण्यात आलं. असे दावे परतवून लावण्यासाठीच ते घडवलं, हे पुढे खुद्द वॉल्टर बायर्स यांनी लिहून ठेवलं. बायर्स म्हणजे एनसीएएचे 1951 ते 1988 पर्यंतचे सर्वेसर्वा. निवृत्तीनंतर हा गृहस्थ स्वतःच उभ्या केलेल्या व्यवस्थेचा कडवा टीकाकार झाला.

पहिला मोठा तडा गेला तो एका व्हिडिओ गेममुळे. युसीएलए विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन मित्राच्या घरी गेला असता पडद्यावर त्याला एक खेळाडू दिसला. डावखुरा, टकलू, 31 नंबरची जर्सी. नाव नव्हतं, पण तो ओबॅननच होता! कंपनी गेम विकत होती, कॉलेजांना परवान्याचे पैसे मिळत होते आणि ओबॅननला दमडीही नाही. 2009 मध्ये त्याने दावा ठोकला आणि 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी त्याच्या बाजूने कौल दिला. पुढे 2021 मध्ये खेळाडूंच्याच ॲल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊविरुद्ध शून्य मतांनी एनसीएएला मक्तेदारीविरोधी कायद्याचा दणका दिला. त्या निकालापुरता विषय शिक्षणाशी निगडित लाभांचा होता. पण त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर जाहिराती करून पैसे कमावण्याची मुभा मिळाली.

खरा भूकंप झाला जून 2025 मध्ये. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातली तडजोड न्यायाधीश विल्किन यांनीच मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे 280 कोटी डॉलर आणि यापुढे कॉलेजांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देण्याची परवानगी. पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. तेव्हा ‘पैसे द्यावेत का’ हा वाद आता जुना झाला. भांडण आहे ते वाटणीचं.

आणि वाटणीत सगळे सारखे नाहीत. मागच्या भरपाईचा सिंहाचा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाणार, म्हणून काही महिला खेळाडूंनी लगेच अपील केलं. शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करू नये, असा 1972 चा कायदा तिथे आहे. त्यालाच हे धरून नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे फुटबॉलसाठी पैसा उभा करताना छोट्या खेळांवर कुऱ्हाड पडू लागली आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने या तडजोडीचं कारण पुढे करत पोहण्याचा संघच बंद केला. ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो, तो ग्रँट हाउस जलतरणपटूच!

पैसे देण्याच्या विरोधकांचा एक मुद्दा रास्त आहे. बहुतेक कॉलेजांचे क्रीडाविभाग स्वतःच्या कमाईवर चालत नाहीत. ते विद्यार्थ्यांची फी आणि विद्यापीठाच्या तिजोरीवर पोसले जातात. पण ही सबब मोजक्या श्रीमंत विद्यापीठांना लागू होत नाही, आणि तडजोडीनंतरही खेळाडू कर्मचारी मानला गेलेला नाही. हातात धनादेश आला. दुखापतीची भरपाई किंवा कामगार संघटना करण्याचा हक्क अजून अधांतरीच. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च 2024 मध्ये तेरा विरुद्ध दोन मतांनी संघटनेचा कौल दिला खरा, पण वर्षअखेरीस अर्ज मागे घेतला. कामगाराचा पगार देऊन त्याला कामगार न म्हणण्याची ही चलाखी फार काळ टिकू नये.

या गोष्टीचं एक टोक महाराष्ट्रापर्यंत येतं. हांगझोऊच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले त्याआधी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून टेनिस खेळली. शिक्षण आणि उत्तम स्पर्धा अशा दोन्ही गोष्टी देणारी ही वाट आजही मोलाची आहे. मात्र नव्या पैशांची गंगा परदेशी विद्यार्थ्यांच्या दारात सहजासहजी येत नाही, कारण विद्यार्थ्यांसाठीच्या एफ-1 व्हिसावर नोकरी करण्यावर कडक बंधनं आहेत. पर्ड्यू विद्यापीठाचा सात फूट चार इंची कॅनेडियन झॅक एडी अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, तरी अमेरिकन सहकाऱ्यांसारखे जाहिरातींचे करार करणं त्याला शक्य नव्हतं. तेव्हा मुलामुलींना टेनिस किंवा गोल्फच्या शिष्यवृत्तीवर तिकडे धाडणाऱ्या पालकांनी एवढं जरूर करावं : पैशाच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावं. प्रशिक्षकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. व्हिसा गेला तर शिष्यवृत्तीही जाते.