पाहुणा आफ्रिकेचा, तूर फुलंब्रीची

फुलंब्री तालुक्यात तुरीचं वेगळं शेत क्वचितच दिसतं. कपाशीच्या काही ओळी झाल्या की एखादं तास तुरीचं, असा इथला रिवाज. कपाशीनं दगा दिला त्या वर्षी तीच तूर घर सावरते. डिसेंबरअखेर ती खळ्यावर येते, जानेवारीत बाजारात. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा बघतो आणि भाव बोलतो. त्या भावात पाऊस असतो, काडीकचरा असतो, लातूरची तेजी-मंदी असते. गेल्या दहा वर्षांत आणखी एका गोष्टीचा वाटा त्यात आला आहे: भारताचे पंतप्रधान आणि आफ्रिकेतले राष्ट्राध्यक्ष यांच्या भेटीत काय ठरलं.

अशा भेटीची तयारी दिल्लीत बरीच आधी सुरू होते. पाहुणा मोझांबिकचा, टांझानियाचा किंवा केनियाचा असेल, तर परराष्ट्र मंत्रालयातला पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचा विभाग कामाला लागतो. तिथला आपला राजदूत टिपण पाठवतो. वाणिज्य, कृषी, संरक्षण अशा मंत्रालयांकडून माहिती मागवली जाते. कर्जाचा विषय असेल तर मुंबईतल्या एक्झिम बँकेचे आकडे लागतात, कारण भारत आफ्रिकी देशांना देतो ती सवलतीची कर्जं याच बँकेमार्फत जातात. सगळ्याचं सार काढून पंतप्रधानांसाठी ब्रीफ बनतं. त्यात पाहुण्याचा परिचय असतो, त्याच्या देशातलं राजकारण, रखडलेले विषय, आपण काय मागायचं, काय द्यायचं. शिवाय समोरच्यानं काढलाच तर बोलायचा, आपण होऊन न काढायचा, असाही मजकूर असतो. माझ्या मते ब्रीफ लिहिणाऱ्याची खरी परीक्षा याच भागात होते. राष्ट्रपती भवनातली सलामी आणि राजघाटावरचं पुष्पचक्र टीव्हीवर दिसतं. संयुक्त निवेदनातल्या एकेका शब्दावर अधिकाऱ्यांनी केलेली घासाघीस दिसत नाही.

परिचयाचं पान मात्र बहुतेक वेळा चांगलं जमून येतं, कारण आफ्रिकेतले कितीतरी नेते भारतात शिकून गेले आहेत. नायजेरियाचे ओलुसेगुन ओबासान्जो लष्करी अभियांत्रिकीसाठी पुण्यात राहिले होते. पुढे २००० च्या प्रजासत्ताक दिनाला ते प्रमुख पाहुणे होते. टांझानियाच्या अध्यक्ष सामिया सुलुहू हसन १९९८ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्थेत प्रशिक्षण घेऊन गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष म्हणून दिल्लीला आल्या, तेव्हा जेएनयूनं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. अशा धाग्यांनी बैठकीचा पहिला पाव तास हलका होतो. अवघड बोलणं त्यानंतरचं.

आफ्रिकेची माणसं ओळखून दिल्लीला कळवण्याच्या कामात एक मराठी माणूस फार आधी गेला होता. औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. औंधात १९३९ साली राजानं प्रजेकडे सत्ता सोपवण्याचा प्रयोग झाला, त्या छोट्या राज्याचे अप्पासाहेब पंतप्रधानही होते. नेहरूंनी १९४८ मध्ये त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवलं. तिथल्या भारतीय दुकानदारांचं हित बघायचं, एवढंच काम त्यांनी मानलं असतं तर गोऱ्या सरकारची काही हरकत नव्हती. पण त्यांनी जोमो केन्याटांशी मैत्री केली, आफ्रिकी कार्यकर्त्यांना घरी बोलावलं, आफ्रिकी मुलांना भारतात शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून खटपट केली. ब्रिटिशांचा संताप झाला आणि १९५४ मध्ये अप्पासाहेबांना नैरोबी सोडावं लागलं. पुढे केनिया स्वतंत्र झाला आणि केन्याटाच त्याचे पहिले नेते झाले. ज्यांच्याशी उद्या बोलावं लागणार, ते आज तुरुंगात असतील तरी त्यांची ओळख ठेवावी, ही समज त्या काळात फार थोड्यांना होती.

तसं पाहिलं तर आमच्या भागाला आफ्रिकी नेता नवा नाही. फुलंब्रीहून खुलताबादला जाणाऱ्या रस्त्यानं गेलं की मलिक अंबरची कबर लागते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. जहांगीर आपल्या आठवणींत त्याचं नाव शिवी जोडल्याशिवाय घेत नाही. त्यानं अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्रही काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये म्हातारपणानं गेला. समोरच्याबद्दलचा राग म्हणजे त्याची माहिती नव्हे, एवढं त्या बादशहाला कुणी टिपण करून द्यायला हवं होतं.

आता तुरीकडे वळू. २०१५ मध्ये शहरांत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि सरकारचे धाबे दणाणले. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोदी मापुटोला गेले आणि मोझांबिकशी डाळींचा करार झाला: पहिल्या वर्षी एक लाख टन, वाढत वाढत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन. डाळ महागलेली असताना हे शहाणपणाचंच दिसत होतं. पण त्याच सुमारास पाऊस चांगला झाला, भाव बघून महाराष्ट्रानं तूर भरपूर पेरली आणि उत्पादन आदल्या वर्षाच्या कित्येक पट निघालं. बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता. बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घसरला. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, माणसं पोत्यांवर झोपली. २२ एप्रिल २०१७ ला खरेदी थांबली, तेव्हाही रांगा सरलेल्या नव्हत्या. ऑगस्टमध्ये सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मात्र दोन सरकारांमधल्या कराराची तूर त्या मर्यादेतून वगळली. दिलेला शब्द पाळायलाच हवा, यात वाद नाही. प्रश्न असा की शब्द देण्याआधी कागदावर कुणाची बाजू लिहिली होती.

२०२१ मध्ये हा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढला, मालावीशीही वर्षाला ५०,००० टनांचा झाला. मोझांबिकची गजरी, टांझानियाची अरुशा ही नावं आता मुंबईच्या दलालांच्या तोंडी रोजची आहेत. तिकडचा शेतकरी ही तूर प्रामुख्यानं आपल्यासाठीच पिकवतो. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नकाला बंदरात व्यापाऱ्यांच्या भांडणापायी माल अडकला, तेव्हा भाव न मिळून तोही आपल्या शेतकऱ्यासारखाच रडकुंडीला आला. तेव्हा त्याला शत्रू मानण्यात अर्थ नाही. भारतानं आफ्रिकेच्या शेतीत पैसाही घातला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केनियाचे अध्यक्ष विल्यम रुटो आले, तेव्हा शेतीच्या आधुनिकीकरणासाठी २५ कोटी डॉलरचं कर्ज जाहीर झालं.

माझी तक्रार तारखांबद्दल आहे. पूर्व आफ्रिकेची तूर ऑगस्ट-सप्टेंबरपासून जहाजावर चढते आणि वर्षअखेरीपर्यंत आपल्याकडे उतरत राहते. त्याला उशीर झाला की ती थेट आमच्या जानेवारीच्या तुरीवर येऊन पडते. करारात टन ठरतात. महिन्याचा विचार फुलंब्रीच्या ओट्यावर होतो. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये जाहीर झाला आणि मोझांबिकबरोबरच्या पाच वर्षांच्या मुदतीतलं तेच शेवटचं वर्ष होतं. पुढच्या बोलणीसाठी ब्रीफ लिहायला बसणाऱ्यानं दोन लाख या आकड्याशेजारी एक ओळ वाढवावी: माल नोव्हेंबरअखेर बंदरात उतरलेला असावा, आणि जानेवारीत भाव हमीभावाच्या खाली असेल तर उरलेली जहाजं थांबवता यावीत. मोझांबिकच्या बाजूला ती पटवून देणं सोपं नाही. त्यांना त्याबदल्यात साठवणुकीची गोदामं हवी असतील, डाळ भरडायच्या गिरण्या हव्या असतील. तेही लिहावं.