कवटीचें गणित

भाजलेला चणा दाढेखालीं फुटतो, तेव्हां त्याचा जोर केवळ दाढेवरच पडतो असें नाहीं. जबडा, गालाचें हाड व कपाळ यांतही तो वांटला जातो. कोठें किती ताण येतो, हें कवटीस धक्का न लावतां कसें कळावें? याचें उत्तर आम्ही विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

मूळ युक्ति विमानें बांधणाऱ्या इंजिनियरांची. विमानाच्या पंखाची रचना गुंतागुंतीची. तिचें गणित एका सूत्रानें सुटेना. म्हणून १९५० नंतरच्या दशकांत त्यांनीं कल्पनेनें पंखाचे लहान लहान तुकडे पाडिले, प्रत्येकाचें सोपें गणित मांडिलें, व तुकडे पुन्हां जोडून सर्वांचें उत्तर एकदम काढिलें. समीकरणें हजारों होतात. तीं संगणक सोडवितो. १९६० सालीं अमेरिकेंतील रे क्लफ यांनीं या रीतीस ‘फायनाइट एलिमेंट’, म्हणजे मर्यादित घटकांची रीत, असें नांव दिलें. पुढें १९७१ सालीं लंडन येथें गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानें रुग्णाच्या मस्तकाचे आडवे छेद दाखविले. अशा छेदांवरून कवटीचा आंतबाहेरचा आकार संगणकास देतां येऊं लागला.

२००१ सालीं एमिली रेफील्ड व त्यांचे सहकारी यांनीं ॲलोसॉरस या डायनोसॉराची कवटी या रीतीनें तपासली. स्नायूंच्या बळावर त्याचा चावा फार तर सुमारें २,१४८ न्यूटन, म्हणजे दोनशें किलोंहून थोडा अधिक भार. परंतु कवटी पन्नास हजार न्यूटनांहून अधिक भार सोसण्याजोगी निघाली! तो वरचा जबडा कुऱ्हाडीसारखा भक्ष्यावर हाणीत असावा, असें अनुमान त्यांनीं केलें. तें कांहीं शास्त्रज्ञांस मान्य झालें नाहीं. हाड काय सोसेल हें गणित सांगतें. प्राणी काय करीत होता हें तेवढ्यानें सिद्ध होत नाहीं.

हाच विवेक मनुष्याच्या बाबतींत अधिक हवा. मोडलेल्या जबड्यास धातूची पट्टी कोठें बसविली असतां चावतांना ती टिकेल, हें याच रीतीनें आधीं अजमावितां येतें. पण हाडाचा कठीणपणा किंवा स्नायूंची दिशा चुकीची धरिली, तर संगणक चुकीचेंच उत्तर तितक्याच सुबक रंगीत चित्रांत दाखवितो, आणि त्याचें फळ रुग्णास भोगावें लागतें. म्हणून संशोधक खऱ्या हाडांवर ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवून आपलें गणित पडताळून पाहतात.

आकडेमोड बिनचूक असणें व उत्तर सत्य असणें या दोन निराळ्या गोष्टी होत, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं गणिताच्या तासासही ध्यानांत ठेवावें.