चाल कोणाची? बाईची!

संध्याकाळी ईऑन आयटी पार्क सुटतं, खराडी बायपासला गाड्या खोळंबतात आणि गाडीत गाणी सुरू होतात. गाणारी कोण, हे आवाजावरून लगेच कळतं. पण चाल कोणाची? ऐका तर!

आनंदघन कोण?
'साधी माणसं' (१९६५) या चित्रपटातल्या 'ऐरणीच्या देवा'चे संगीतकार 'आनंदघन', म्हणजे साक्षात लतादीदी! या टोपणनावानं त्यांनी चार मराठी चित्रपटांना संगीत दिलं. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कारही मिळाला.

चॉकलेटचा बंगला
हा बंगला सुरांत बांधला मीना खडीकर यांनी. 'सांग सांग भोलानाथ'ची चालही त्यांचीच. म्हणजे मराठी पोरांचं निम्मं बालपण मीनाताईंच्या चालींवर नाचलं!

पुण्याच्या प्रभाताई
प्रभा अत्रे विज्ञान आणि कायदा शिकल्या, पण रमल्या गाण्यात. मारुबिहाग आणि कलावतीतल्या त्यांच्या बंदिशी आज घरोघरी शिकणाऱ्या मुलींच्या वहीत असतात. अपूर्व कल्याण, मधुरकंस हे नवे रागही त्यांचेच. २०२२मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

भूप आणि किशोरीताई
'सहेला रे' ऐकलं नाही असा रसिक विरळा. ही बंदिश किशोरी आमोणकरांनी स्वतः बांधली. 'दृष्टी' (१९९०) या हिंदी चित्रपटाचं संगीतही त्यांचं.

बंदिशींचं पुस्तक
अश्विनी भिडे-देशपांडे यांनी स्वरचित बंदिशी 'रागरचनांजली'त स्वरलिपीसह छापल्या. कोणीही घ्याव्यात आणि गाव्यात!

नाव बदललं, सूर नाही
मुंबईच्या खुर्शीद होमजी. पारशी मुलीनं सिनेमात जाण्याला समाजाचा विरोध, म्हणून त्या 'सरस्वतीदेवी' झाल्या. 'अछूत कन्या'चं (१९३६) संगीत त्यांचं.

तब्बल ११३ वर्षं
न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १९०३मध्ये एथेल स्मिथ यांचा ऑपेरा झाला. बाईनं रचलेला पुढचा ऑपेरा तिथे आला थेट २०१६मध्ये, फिनलंडच्या काइया सारिआहो यांचा!

रचना करणाऱ्या बायका आपल्याकडे होत्या आणि आहेत. अडतं ते नाव घेण्यापाशी. म्हणून खराडीकरांनो, यंदा सोसायटीच्या दिवाळी पहाटेत निदान दोन रचना बायकांच्या ठेवा आणि गाणं सुरू होण्याआधी माइकवरून त्यांचं नाव ठणकावून सांगा.