डबीतला ॲम्प्लिफायर आणि तंबोऱ्याचा गंधार

रात्री अकरानंतर आमच्या गल्लीतली वर्दळ थांबते. मग मी पंखा बंद करतो, खिडकी लावून घेतो आणि हेडफोन कानांवर चढवतो. रेकॉर्डिंग नेहमीचंच, एका घरगुती बैठकीचं. पहिली दोन मिनिटं गाणं नाहीच, नुसते दोन तंबोरे. पंचम, जोड, जोड, खर्ज. पुढे येणाऱ्या ताना फाटू नयेत म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्याने पातळी बेताची ठेवली होती. त्यामुळे हा सुरुवातीचा भाग फार हळू आहे. फोनचा आवाज पूर्ण वाढवला तरी तंबोरा पलीकडच्या खोलीत वाजतोय असं वाटायचं.

गायक काळी एकमध्ये गातात. म्हणजे त्यांचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. पण तार छेडली की ६९ सोबत त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी आवर्तनं उमटतात. त्यातलं पाचवं साधारण ३४६ हर्ट्झवर येतं, आणि तोच तार सप्तकातला शुद्ध गंधार. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते, तरी तो ऐकू येतो. म्हणून गवयी त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. माझ्या फोनवर हा गंधार उमटायचा खरा, पण पुढचा पंचम छेडला जाण्याआधीच विरून जायचा.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यावर उपाय शोधला. पत्र्याच्या डबीत मावणारा, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा हेडफोन ॲम्प्लिफायर घरी जोडला. नंतरचे तीन महिने तो ऐकला आणि मोजलाही. त्यातून कळलेली गोष्ट अशी : या यंत्राचा फायदा खरा आहे, पण पहिल्या रात्री तो जिथे जाणवतो तिथे तो नसतो.

फोनला काय कमी पडतं?

माझा हेडफोन आहे सेनहायझर कंपनीचा एचडी ६००. १९९७ साली बाजारात आलेलं हे मॉडेल आजही संदर्भासाठी वापरलं जातं. त्याचा विद्युतरोध ३०० ओहम आहे. एक व्होल्ट दिला, तर तो सुमारे ९७ डेसिबल आवाज काढतो. एरवी फोनसोबत वापरले जाणारे इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचे असतात आणि एवढ्या व्होल्टेजवर ते कानठळ्या बसवतील.

२०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोन जॅक काढला आणि पाठोपाठ अनेक कंपन्यांनीही तेच केलं. आता ते काम वायरच्या टोकाचं, बोटाच्या पेराएवढं ॲडॉप्टर करतं. माझ्याकडच्या ॲडॉप्टरमधून जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट मिळतो. व्होल्टेज निम्मं झालं की ६ डेसिबल घटतात. म्हणजे रेकॉर्डिंगमधला सर्वांत मोठा आवाजही ९१ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. आता हा तंबोरा त्या कमाल पातळीच्या ३० डेसिबल खाली वाजतो. ९१ मधून ३० गेले, उरले ६१. समोरासमोर बसून बोलताना होतो तेवढाच हा आवाज. त्याच्या पोटातले गंधारासारखे बारीक अंश आणखी वीस-तीस डेसिबल खाली असतात आणि तिथे शांत खोलीचीही स्वतःची कुजबुज असते. एचडी ६०० मागून उघडा आहे, बाहेरचा आवाज तो अडवत नाही. तेव्हा गंधार रेकॉर्डिंगमधून गेलेला नव्हता, तो खोलीच्या आवाजात बुडत होता.

डबीच्या आत

मी जोडलेली रचना नवी नाही. चू मॉय या अमेरिकेतल्या हौशी रचनाकाराने १९९० च्या दशकात ती मांडली आणि ‘सी-मॉय’ या नावाने ती जगभरच्या हौशी लोकांनी उचलली. अल्टॉइड्स या पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत ती बरोब्बर बसते, म्हणून ती डबीच तिची ओळख झाली. सुटे भाग मला पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाले : एक ऑप-अँप चिप, मूठभर रोधक, काही कपॅसिटर, एक आवाजाचा नॉब आणि दोन जॅक.

या खेळातला मुख्य गडी म्हणजे ती आठ पायांची चिप, ओपीए २१३४. तिच्यात डाव्या आणि उजव्या कानासाठी दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायर आहेत. मोकळी सोडली तर ही चिप सिग्नल सुमारे दहा लाख पट वाढवते. एवढी ताकद संगीताच्या कामाची नाही, कारण ती अस्थिर असते आणि मूळ आकार बिघडवते. म्हणून बाहेर आलेल्या सिग्नलचा एक हिस्सा उलटा फिरवून पुन्हा आत देतात. मग चिप सतत आत काय आलं आणि बाहेर काय गेलं याची तुलना करते आणि फरक दिसला की तिथल्या तिथे दुरुस्त करते. दहा लाख पटींतली जवळजवळ सगळी ताकद या दुरुस्तीत खर्ची पडते. माझ्या डबीत दहा हजार ओहम आणि एक हजार ओहम अशा दोन रोधकांनी ही वाढ अकरा पटींवर बांधली आहे.

ही कल्पना हॅरॉल्ड ब्लॅक या बेल लॅब्जमधल्या अभियंत्याची. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत कामावर जाताना ती त्याला सुचली आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्याने ती उतरवून काढली. दूर अंतरावरच्या टेलिफोन तारांमध्ये आवाज विकृत होत जायचा, त्यावरचा तो तोडगा होता. आज माझ्या कानात पोचणाऱ्या तंबोऱ्याची शुद्धता त्या पानावरच्या आकृतीमुळे टिकून आहे, हे आठवलं की मला त्या माणसाविषयी कृतज्ञता वाटते.

डाग देऊन झाल्यावर हेडफोन लगेच लावायचा नाही. आधी मल्टिमीटरच्या काड्या आउटपुटला टेकवून तिथे स्थिर व्होल्टेज साचलेलं नाही ना, हे बघायचं. ते वीस मिलिव्होल्टच्या आत हवं, नाहीतर हेडफोनचा पडदा कायम एका बाजूला ढकललेला राहतो आणि त्यातली नाजूक कॉइल तापते. माझ्या डबीत पहिल्यांदा तीनशेच्या वर आकडा दिसला. भिंगातून पाहिलं, तर एका रोधकाचा डाग कोरडा राहिला होता. तो पुन्हा गरम करून नीट भरला, आणि आकडा चारवर आला.

पहिल्या रात्रीचा चकवा

पहिल्याच रात्री मला वाटलं की पडदा उघडला. तंबोरा समोर आला, खर्जाला वजन आलं, जवारीचे, म्हणजे तारेच्या झणकाराचे, कण वेगवेगळे दिसायला लागले. पण हे सगळं मी अंदाजाने नॉब फिरवून ऐकत होतो, आणि डबीचा आवाज फोनपेक्षा थोडा मोठा होता.

इथे आपला कान एक वेगळंच गणित करतो. १९३३ साली बेल लॅब्जमधल्याच हार्वी फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी दाखवून दिलं की हळू आवाजात कान खालचे सूर फार कमी ऐकतो. पातळी वाढत गेली की ते सूर इतरांपेक्षा भराभर वर येतात. ६९ हर्ट्झचा खर्ज त्याच पट्ट्यातला. शिवाय आवाज अर्ध्या-एक डेसिबलने वाढला, तर तो आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, तो ‘स्पष्ट’, ‘भरदार’, ‘जिवंत’ वाटतो. म्हणून दोन यंत्रांची तुलना करायची, तर दोघांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी लागते. व्होल्टेजच्या भाषेत हा फरक साधारण एक टक्क्याचा. हे काम कानाने होत नाही.

मी फोनवर ४०० हर्ट्झचा सलग सूर लावला, मल्टिमीटर हेडफोनच्या तारांवर टेकवला आणि फोन थेट जोडल्यावर ३०० मिलिव्होल्ट मिळतील असा आवाज ठरवला. मग मध्ये डबी घालून नॉब अगदी कणाकणाने फिरवत तिथेही ३०० आणले. एका साध्या बटणाने दोन्ही वाटा बदलता येतील अशी जोडणी केली. बटण भाचीच्या हाती दिलं, तिने पाठीमागे बसून नाणं उडवायचं आणि छापा-काट्याप्रमाणे बटण लावायचं. अशा सोळा फेऱ्या झाल्या. केवळ नशिबाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून बारा ही कसोटी ठेवली.

माझी उत्तरं नऊ बरोबर आली. भाची म्हणाली, “मामा, हे तर नाणं उडवून सांगितल्यासारखंच झालं.” तिचं म्हणणं अचूक होतं. फोनला झेपणाऱ्या पातळीवर डबी आणि फोन यांच्यात मला फरक ओळखता येत नव्हता. चांगल्या ॲम्प्लिफायरकडून हीच अपेक्षा असते, त्याने स्वतःचं काही मिसळू नये.

‘उबदार’ आवाज कुठून येतो?

मग काही ॲम्प्लिफायरना लोक ‘उबदार’ का म्हणतात? एक कारण मोजता येतं. ॲम्प्लिफायरलाही स्वतःचा आउटपुट रोध असतो, आणि हेडफोनचा रोध सगळीकडे सारखा नसतो. एचडी ६०० चा रोध ३०० वरून १०० हर्ट्झच्या आसपास पाचशे ओहमपर्यंत चढतो. ॲम्प्लिफायरचा रोध जवळजवळ शून्य असेल, तर या चढावाने काही बिघडत नाही. पण तो १२० ओहम असेल, तर व्होल्टेजची वाटणी बदलते आणि १०० हर्ट्झपाशी एक डेसिबलचा फुगवटा येतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमार याच भागात.

मी मुद्दाम १२० ओहमचा रोधक वायरमध्ये घातला, ४०० हर्ट्झवर पातळी पुन्हा जुळवली आणि विलंबित एकतालाचं रेकॉर्डिंग लावलं. या वेळी सोळापैकी तेरा उत्तरं बरोबर आली. डग्गा किंचित गोल, किंचित जवळ वाटत होता. ज्याला आपण यंत्राचा स्वभाव म्हणतो, तो दोन रोधांमधल्या साध्या भागाकारातून आला होता.

गंधार परत आला

सर्वांत महत्त्वाची चाचणी राहिली होती. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर माझी डबी जेमतेम दोन व्होल्ट देते. फोनच्या अर्ध्या व्होल्टपेक्षा ते चौपट, म्हणजे १२ डेसिबल जास्त. ६१ वर वाजणारा तंबोरा ७३ वर आला. खोलीची कुजबुज होती तिथेच राहिली. गंधार आता पुढचा पंचम ओलांडून पहिल्या जोडीपर्यंत पोचतो. तो विरताना आधी त्याची चमक जाते, मग गोलाई, आणि शेवटी नुसता एक धूसर सूर उरतो.

या चमकेचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी केला होता. जुना नियम असा होता की तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे स्थिर राहणारे अंश आवाजात उमटत नाहीत. १९२१ च्या निबंधात रामन यांनी दाखवलं की तंबोरा हा नियम मोडतो. रुंद, वक्र घोडी आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे तार घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि हरवायला हवे ते अंशही जागे होतात. मिरजेचे कारागीर जवारी काढताना घोडीवर जे घासकाम करतात, त्याचं फळ हेच. माझ्या डबीने त्यात काहीच भर घातली नाही. तिने ते खोलीच्या आवाजावर उचलून धरलं, एवढंच.

हीच डबी १६ ओहमच्या इअरफोनला लावली, तर चित्र उलटं होतं. अकरा पट वाढ तिथे फाजील ठरते. गाणं सुरू होण्याआधी सुरसुर ऐकू येते. नॉब अगदी सुरुवातीला असताना डावा कान उजव्याच्या आधी बोलू लागतो, कारण नॉबमधले दोन पट्टे तिथे नेमके जुळत नाहीत. मी दहा हजारचा रोधक काढून दोन हजारचा बसवला, वाढ तीन पटींवर आणली आणि सुरसुर खूप कमी झाली. तरीही अशा इअरफोनला फोन पुरेसा आहे. ज्याच्याकडे तेवढेच आहेत, त्याने ॲम्प्लिफायरवर पैसे घालू नयेत, असं मी मनापासून सांगेन.

एक गोष्ट यापेक्षाही मोलाची. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, आणि पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १२ डेसिबल वाढले, की ४० तासांचे अडीच तास उरतात. तंबोऱ्यासाठी वाढवलेला नॉब तसाच राहिला, तर वीस मिनिटांनी येणारी द्रुत बंदिश त्याच पातळीवर कानात शिरते. अंतःकर्णातल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून भाचीने नेलपॉलिशने नॉबवर दोन ठिपके दिले आहेत. लाल ठिपका तंबोऱ्याचा, पांढरा गाण्याचा. आलाप संपून तबल्याचा पहिला ठेका पडला, की माझा हात आपोआप लालवरून पांढऱ्याकडे जातो. तोवर गंधार मनात पुरेसा भरलेला असतो.